शाळा सोडण्याचे कारण

आमच्या शाळेच्या कारकूनबाईंना सगळे टाचणीबाई म्हणत. एक तर त्या टाचणीसारख्याच बारीक. दुसरं, कॉलरच्या आतल्या बाजूला कायम सात-आठ टाचण्या खोचलेल्या. आणि तिसरं, बोलणं. "दाखला आज मिळेल का, बाई?" असं कोणी विचारलं की मान वर न करता म्हणायच्या, "मिळेल की. परवा अर्ज दिला असतात तर आज नक्की मिळाला असता." समोरच्याला टोचलंय हे कळेपर्यंत त्या पुढच्या कागदावर गेलेल्या असत.

मी त्यांना पस्तीस वर्षं ओळखते. आधी त्यांच्यासमोर उभी राहिलेली विद्यार्थिनी म्हणून, आणि गेली एकोणीस वर्षं याच शाळेत विज्ञान शिकवणारी बाई म्हणून. शिक्षकांच्या खोलीचं छत गळायला लागल्यापासून तर मी त्यांच्याच कार्यालयात बसते, नकाशांच्या गुंडाळ्यांना पाठ लावून. एवढ्या काळात मी त्यांना न दमलेलं कधी पाहिलं नाही. आई सव्वीस वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिला उचलणं-ठेवणं, पुसणं, भरवणं सकाळी आटपून त्या शाळेत येत आणि संध्याकाळी घरी जाऊन पुन्हा त्याच कामाला लागत. आई गेली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई जरा टेकतील. त्याच वर्षी वहिनीचं पाठीचं दुखणं निघालं आणि भावाची दोन मुलं यांच्या गळ्यात पडली. लग्नाचं कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "वेळ मिळाला की करते."

शाळा मिशनची. दोन मजली इमारत, मागे चॅपेल, त्याच्या मागे सिस्टर लोकांचं निवासस्थान. खालच्या व्हरांड्यात मरियामातेचा पुतळा. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कोणाच्या तरी चेंडूनं उडालेली, आणि चेंडू कोणाचा ते आजतागायत कोणी कबूल केलेलं नाही. मी शिकत होते तेव्हा अकरा सिस्टर होत्या आणि नऊशे मुलं. यंदा सिस्टर उरल्या तीन, मुलं एकशे त्रेचाळीस. तिघी सिस्टरांत मिळून धड गुडघे दोन. सहामाही परीक्षेनंतर बिशप हाउसमधून पत्र आलं की वर्षाअखेर शाळा बंद. पत्र सभ्य होतं. कोणाला दोष दिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर दोष द्यायला कोणी सापडतही नव्हतं. पत्र वाचून टाचणीबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे एकशे त्रेचाळीस दाखले."

दाखल्याच्या छापील कागदावर खालून तिसरा रकाना असतो, 'शाळा सोडण्याचे कारण'. त्यात सगळे कारकून डोळे मिटून एकच वाक्य लिहितात: पालकांच्या विनंतीवरून. बाप परागंदा होवो, घर जळो, पोरगी कुठे धुण्याभांड्याला लागो, कारण तेच. त्रेचाळीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे थोरल्या सिस्टर म्हणत, एका मुलीच्या दाखल्यावर सही करता करता थांबल्या. म्हणाल्या, "हिचे वडील काल माझ्यासमोर रडले. याला विनंती म्हणत नाहीत." पण ठरलेलं वाक्य बदलायची सोय नव्हती. मग त्यांनी एक कोरी वही काढली, वडलांना बाहेर बसवलं, मुलीला समोरच्या लाकडी स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "तू का सोडतेस?" मुलीनं सांगितलं ते शब्दाला शब्द लिहून घेतलं.

तेव्हापासून ती प्रथाच पडली. मधूनच शाळा सोडणारं प्रत्येक मूल दाखला नेण्याआधी एकटं त्या स्टुलावर बसणार, कारण सांगणार, आणि ते वहीत जाणार. शाईच्या पेनानं, पानाच्या एकाच बाजूला. मूल बसलं की त्याला आधी सांगायचं, "ही वही देव वाचतो आणि कपाट वाचतं. तिसरं कोणी नाही." चॅपेलमधल्या कबुलीजबाबासारखंच, फक्त शेवटी शिक्षा नाही. पुढे टाचणीबाई कारकून म्हणून लागल्या आणि थोरल्या सिस्टरनी वही आणि कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली. थोरल्या सिस्टर जाऊन तीस वर्षं झाली. त्यांच्यामागे पाच मदर आल्या नि गेल्या, कोणी वहीची चौकशी केली नाही, आणि बाईंनी एकही मूल स्टुलावर न बसवता सोडलं नाही. तीन वह्या भरल्या. सहाशे अकरा कारणं.

त्या सहाशे अकरांत मीही आहे. सहावीत असताना मला या शाळेतून काढलं. माझं कारण माझंच आहे, म्हणून सांगायला हरकत नाही: 'नवीन आईला शाळा लांब वाटते.' दोन वर्षांनी त्या नवीन आईनंच मला हाताला धरून परत आणून सोडलं आणि म्हणाली, "हिला तिकडे कोणी ओळखत नाही हो." पण ते वहीत नाही. परत येण्याचं कारण कोणी लिहून घेत नाही.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

शाळा बंद होणार म्हटल्यावर माजी विद्यार्थी जागे झाले. मंडळ झालं, निरोपाचा सोहळा ठरला, स्मरणिका ठरली. अध्यक्ष झाले एक दातांचे डॉक्टर. माणूस मनाचा चांगला, पण समोरचा तोंड उघडून गप्प बसलेला असतो याची सवय झालेला. पहिल्या सभेत सगळ्यांनी आठवणी सांगितल्या. शिक्षेच्या पट्ट्या, सकाळची प्रार्थना, चॅपेलमधला गारवा. एकजण म्हणाला, आज मी जो काही आहे तो या भिंतींमुळे. बाकीच्यांनी माना हलवल्या. यातल्या एकाचंही मूल आमच्या शाळेत नव्हतं. तसं बोलणं बरं दिसत नाही म्हणून मी बोलले नाही. दुसरंच बोलले, आणि ते जास्त वाईट निघालं.

मी म्हणाले, "तुम्ही सगळे शाळा पुरी करून गेलात. ज्यांना पुरी करता आली नाही, त्यांना विचारा शाळा काय होती ते." आणि तावातावात त्या वहीबद्दल सांगून मोकळी झाले. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. बारा वर्षांपूर्वी एकदा कपाट उघडं राहिलं होतं, बाई खाली चहाला गेल्या होत्या, आणि मी पहिली वही उघडून पहिली ओळ वाचली होती. नाव झाकलेलं होतं, वर टीपकागद होता. लगेच वही मिटली, पण ओळ डोक्यात बसली ती बसलीच. ती मी सभेत म्हणून दाखवली. इथे नाही म्हणणार.

एका बाईंनी डोळे पुसले. डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. "हे छापायलाच हवं. नावं काढून टाकू. सोहळ्यात स्टेजवरून वाचू. लोक ढसाढसा रडतील." आताच्या मदरना एका कानानं ऐकू येत नाही, पण दुसऱ्यानं हे बरोबर ऐकलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या, सोहळा झाला की म्हाताऱ्या सिस्टरांच्या आश्रमात जाणार होत्या. म्हणाल्या, "वही शाळेची आहे. काहीतरी उरू दे." ठरलं: तीन आठवड्यांनी शनिवारी डॉक्टर येऊन वह्या घेऊन जातील.

टेबलाच्या टोकाला टाचणीबाई इतिवृत्त लिहीत होत्या. त्यांचं पेन क्षणभरही थांबलं नाही.

सभेनंतर कार्यालयात आलो तेव्हा मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. बाई कागद टाचायला बसल्या. शेवटी मीच विचारलं, "ताई, इतिवृत्तात काय लिहिलंत?"

"'विज्ञानाच्या बाईंनी एक उदाहरण दिले.'" मान वर न करता त्या म्हणाल्या. मग जरा वेळानं, "उदाहरण छान होतं. माझंच होतं."

थोरल्या सिस्टरनी सही करता करता ज्या मुलीसाठी हात थांबवला ती मुलगी हीच, पंधरा वर्षांची, शाळेच्या माळ्याची पोरगी. आणि तिची ओळ मी बारा अनोळखी लोकांपुढे वाढून ठेवली होती. मी रडले. हे लपवण्यात अर्थ नाही, चांगली मुसमुसून रडले. बाईंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "रडू नकोस. माझं काय, माझं जुनं झालं. बाकी सहाशेदहांचं बघ. त्यांना मी सांगितलंय की कोणी वाचणार नाही. थोरल्या सिस्टर मेल्या, त्या सुटल्या. मी अजून जिवंत आहे, म्हणजे खोटी मी पडणार."

"नावं काढून छापतील, ताई."

"ज्याचं आहे त्याला कळेल ना. दुकानात उभ्या उभ्या स्मरणिका चाळेल आणि स्वतःच समोर येईल."

त्यांनी कपाट उघडलं. पेन्सिली तासायचं पातं काढलं, लाकडी पट्टी घेतली आणि पहिल्या वहीचं पहिलं पान समोर ठेवलं. एक ओळ कापली, घडी केली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली. मग माझी शोधून काढली, कापली, माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "वही शाळेची असेल. ओळी शाळेच्या नाहीत. ज्याच्या त्याला नेऊन देऊ. तू येशील?"

मी काय नाही म्हणणार होते. तीन आठवडे होते. शाळा साडेचारला सुटायची, तिथून दिवेलागणीपर्यंत आम्ही हिंडायचो. बाईंना संधिवात, माझी टाच दुखरी. चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर कोण राहणार? तळमजल्यावरचा म्हणे, ते वर गेले. वरचा म्हणे, ते पलीकडच्या गल्लीत गेले. पलीकडच्या गल्लीत कळे, वर म्हणजे खरंच वर गेले. जिने इतके चढलो की चौथ्या दिवशी बाई एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मुलांनी तळमजल्यावर राहायचं असा एक रकाना प्रवेशअर्जात ठेवायला हवा होता."

पहिला सापडला तो शिंपी. जिन्याखालचं दुकान, जाड भिंगांचा चष्मा, गळ्यात टेप. बाईंना पाहून शिलाई मशीन थांबवलं, स्टूल पुसून दिलं. बाईंनी घडी पुढे केली. "तुझं कारण. परत आणलंय." त्यानं वाचलं आणि हसला. मग चष्मा काढून पुसत बसला, बराच वेळ. "सांगा कोणालाही," तो म्हणाला, "छापा हवं तर." त्याची परवानगी आहे म्हणून सांगते. त्याची ओळ होती: 'मला फळ्यावरचं दिसत नाही. कोणाला सांगितलं नाही.'

"मी स्वतःला ढ समजायचो, बाई," तो म्हणाला. "घरी पण तेच. त्या दिवशी तुम्ही का म्हणून विचारलंत आणि माझ्या तोंडून हे निघालं. निघाल्यावर माझं मलाच कळलं की डोळ्यांचं आहे, डोक्याचं नाही. शाळा गेलीच, वडलांनी ऐकलं नाही. पण ते कळलं ते कळलं."

"मग तेव्हाच कोणाला तरी सांगायला हवं होतं मी," बाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगणार नाही म्हणूनच मी बोललो ना."

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "बारा वर्षांचं पोर होतं. एक चष्मा. आणि मी वही मिटून कपाटात ठेवली." मी काहीतरी समजूत घालायला गेले. "राहू दे," त्या म्हणाल्या, "ते खरं आहे, ते राहू दे."

दुसरी, सरकारी दवाखान्यातली आया. बायकांच्या वॉर्डाबाहेर बादली घेऊन उभी होती. तिनं घडी उघडली, वाचली, मिटली, ब्लाउजमध्ये खोचली. ओळीत काय होतं ते मला माहीत नाही. कापायचं काम बाई एकट्याच करत, मला कपाटाकडे पाठ करून बसवून. आयाबाई म्हणाली, "या शाळेचं मला काय आठवतं सांगू? कविता नाही, पाढे नाही. ते स्टूल आठवतं. नवऱ्यानं टाकलं तेव्हा कोणी का म्हणून विचारलं नाही, दोनदा कामावरून काढलं तेव्हा नाही. आयुष्यात मला का म्हणून एकदाच विचारलंय, ते तिथे." मग आतून कोणी हाक मारली आणि ती बादली उचलून गेली.

सगळेच असे भेटले असं नाही. एका ब्यूटी पार्लरच्या मालकिणीनं वाचून कागद काउंटरवर टाकला. "हे मी सांगितलेलं नाही. माझं असलं काही नव्हतंच." बाई म्हणाल्या, "नसेल." आम्ही निघालो. काचेतून मागे वळून पाहिलं तर कागद काउंटरवर नव्हता. एका कंडक्टरनं चालत्या बसमध्येच घेतला आणि आम्हाला दोन थांबे पुढे नेऊन उतरवलं. एकाला काही केल्या शाळाच आठवेना. एकानं विचारलं, "याच्यावर कुठे सही करायची?"

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एका घरी गेलो तर मुलगा पाच वर्षांपूर्वीच गेलेला. रंगारी होता, शिडीवरून पडला. घरात त्याची म्हातारी आई, खिडकीशी बसलेली. शाळेतल्या बाई म्हटल्यावर तिनं आम्हाला हाताला धरून आत नेलं. आम्ही काय घेऊन आलोय ते बाईंनी सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मला वाचता येत नाही, बाळा. तू वाच."

बाई उठून उभ्या राहिल्या. "मला वाचता येणार नाही, आजी."

"का गं? चष्मा विसरलीस?"

"नाही. मी त्याला शब्द दिला होता, कोणाला वाचून दाखवणार नाही म्हणून."

मला ते ऐकवेना. मेलेल्या मुलाची एक ओळ आईला ऐकवायला काय जातं, असं मला वाटलं, आणि खरं सांगते, त्या घटकेला मला बाईंचा रागच आला. म्हातारी हळूच म्हणाली, "माझ्याबद्दलच असेल. मला ठाऊक आहे मी काय केलं ते." तिनं घडी तशीच घेतली, उठून भिंतीवरच्या घड्याळामागे सरकवली. आम्हाला चहा केला. आम्ही तो प्यायलो.

जिना उतरताना बाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. "आज पुरे," त्या म्हणाल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाल्या, "तिच्याबद्दल नव्हतं गं." तेवढंच. एवढी एक गोष्ट त्यांनी मला सांगितली, आणि तीही सांगून पस्तावल्या असाव्यात, कारण बसमध्ये त्यांनी मला दोनदा बजावलं की हे कुठे बोलू नकोस. दोनच दिवसांनी त्या एकट्या जाऊन म्हातारीला तेवढंच सांगून आल्या, 'तुमच्याबद्दल नाही.' म्हातारीनं सगळ्या गल्लीला ते ऐकवलं, म्हणून मीही लिहिलं.

तीन आठवड्यांत चौसष्ट ओळी पोचल्या. पाचशे सत्तेचाळीस उरल्या. काही माणसं परदेशी, काही देवाघरी, बहुतेकांचा ठावठिकाणाच नाही. शुक्रवारी दुपारी बाई वह्या घेऊन सिस्टर लोकांच्या धुण्याच्या खोलीत गेल्या. तिथे चादरी भिजवायची दगडी टाकी आहे. मी म्हटलं, "जाळून टाकू या ना, पटकन होईल." त्या म्हणाल्या, "धूर बघून मदर येतील. आणि जाळायला काय, ती पापं आहेत?"

टाकीत पाणी सोडलं. वह्यांची पानं एकेक करून आत टाकली. शाईच्या पेनाचा नियम थोरल्या सिस्टरनी का केला होता देव जाणे, पण त्या दिवशी तो कामी आला. अक्षरं आधी फुगली, मग सुटली, आणि पाणी हळूहळू निळं झालं, पांढऱ्या कपड्यांना नीळ देतात तसं. कोपरापर्यंत हात घालून बाई पानं चोळत होत्या. चोळता चोळता त्यांचा श्वास लागत होता. मी मदतीला हात घातला तर म्हणाल्या, "डोळे मिटून." मी डोळे मिटून लगदा केला. पस्तीस वर्षांत मी त्यांचं ऐकलेलं हे पहिलं काम असावं.

शनिवारी डॉक्टर आले तेव्हा टेबलावर तीन पुठ्ठे होते. आतलं काही नाही. मदरही आल्या होत्या. बाईंनी काय केलं ते सरळ सांगून टाकलं, एकटीनं केलं म्हणून सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले तर टेबलाखालून पाय मारला. डॉक्टर लालबुंद झाले. इतिहासाचा खून, जबाबदारी, विश्वासघात, बरंच बोलले. मदर पुठ्ठ्यावरचं थोरल्या सिस्टरचं अक्षर बोटानं चाचपत बसल्या, आणि मला त्यांची फार दया आली. त्यांना खरंच काहीतरी उरायला हवं होतं.

बोलून बोलून डॉक्टरांची वाफ संपली. ते उठले, दारापर्यंत गेले, थांबले. "त्यात मी होतो का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही शाळा पुरी केलीत," टाचणीबाई म्हणाल्या. "तुम्हाला कोणी विचारलं नाही."

ते जरा वेळ त्या लाकडी स्टुलाकडे बघत उभे राहिले. मग नमस्कार करून गेले.

सोहळा झाला. भाषणं झाली, लोक रडले, त्यांना रडायला वहीची गरज पडली नाही. मग शेवटचा दिवस आला, दाखल्यांचा. वरून सूचना होती की कारणाच्या रकान्यात सगळ्यांना 'शाळा बंद' लिहावं. बाईंनी तसं लिहिलं. पण एकशे त्रेचाळीस मुलं एकेक करून आत गेली आणि स्टुलावर बसलीच. मी व्हरांड्यात रांग सांभाळत होते. मुलं आत जाताना घाबरलेली असत, काय विचारतात म्हणून. तिसरीतली एक चिमुरडी बाहेर आली आणि मागच्या सगळ्यांना म्हणाली, "खरं सांगितलं तरी चालतं." या वेळी वही नव्हती. कपाटच उद्या जाणार होतं. बाई सुट्या कागदावर लिहीत, शाई वाळू देत, घडी करत, आणि कॉलरमधली टाचणी काढून ती घडी दाखल्याला टाचून मुलाच्या हातात देत. "हे तुझं. घरी नेऊन ठेव." टाचण्या दोनदा संपल्या.

साडेचार वाजले तेव्हा व्हरांड्यात कोणी नव्हतं. बाईंनी पेन पुसलं, शाईची बाटली कागदात गुंडाळली, खुर्ची टेबलाखाली सरकवली. मी खुर्ची परत बाहेर ओढली आणि तिच्यात बसले.

"आता काय?" त्या म्हणाल्या.

"बसा ना, ताई. स्टुलावर."

"मी कशाला? चावटपणा नको."

"तुम्ही पण शाळा सोडताय."

त्या उभ्याच राहिल्या. वाटलं, आता एखादी टाचणी येणार. आली नाही. त्यांनी स्टूल जवळ ओढलं, गुडघ्यावर हात टेकून बसल्या, आणि तेव्हा मला दिसलं की त्या किती थकल्यात. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पंधराव्या वर्षी या स्टुलावर बसली होती आणि तेव्हापासून उठलीच नव्हती. मी शाईची बाटली सोडवली. कागद घेतला, एक बाजू कोरी. मग म्हणायचं ते म्हणाले. "हे देव वाचतो आणि कपाट वाचतं. तिसरं कोणी नाही."

"कपाट उद्या जातंय," त्या म्हणाल्या.

"मग देव एकटाच. सांगा, तुम्ही का सोडताय?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांच्या वडलांनी लावलेली झाडं अजून आहेत तिथे. मग त्यांनी सांगितलं. एक ओळ नव्हती, चांगल्या चार-पाच होत्या, आणि मधे दोनदा थांबल्या. मी शब्दाला शब्द लिहिलं. शाई वाळू दिली. घडी केली. त्यांच्या कॉलरमध्ये शेवटची एक टाचणी उरली होती, ती त्यांनी काढून माझ्या हातात दिली.

त्यांनी काय सांगितलं ते नंतर मला मदरनी विचारलं, आश्रमात भेटायला गेले तेव्हा. डॉक्टरांनी माझी दाढ काढताना विचारलं. घरी नवऱ्यानं तर अजून पिच्छा सोडलेला नाही. सगळ्यांना मी एकच उत्तर देते. पालकांच्या विनंतीवरून.